वाजवून बघण्याचे पैसे पडतील

सोमवार, ४

आज मी त्या माणसाचा फोन माझ्या हाताने चार्जिंगला लावला. माझ्या हाताने! कोणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही, म्हणून इथे लिहून ठेवते. तारांच्या कंपनीने दिलेली ही डायरी तशीही गल्ल्यामागे कोरीच पडली होती.

बाप-लेक आले. लेकीला व्हायोलिन शिकायचंय, माप कळत नाही म्हणाले. मी पोरीचा हात लांब करायला लावला, माप घेतलं, तीन व्हायोलिनं जुळवून दिली, गजाला राळ लावून दिली. तिने तासभर वाजवलं. त्यातलं मधलं तिच्या खांद्यावर इतकं छान बसलं की मलाही बरं वाटलं. बापाने आतलं लेबल वाचलं, फोटो काढला, बाहेर पायरीवर जाऊन काहीतरी टकटक करून आला आणि म्हणाला, काकू, बॅटरी संपत आलीये, जरा लावता का. लावला. थोड्या वेळाने स्क्रीन पेटला. मी मुद्दाम बघितलं नाही, पण डोळे काय मिटून घेऊ? तेच व्हायोलिन, तेच माप, तेच लेबल, आणि खाली लिहिलेलं की तुमची ऑर्डर मिळाली आहे. माझ्याच दुकानात, माझ्याच विजेवर!

जाताना म्हणतो कसा, "विचार करून सांगतो."

हे आतल्या खोलीत होते. तास न् तास हे असंच चालतं आणि हे पडद्याकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड फिरवून बसतात. बिचाऱ्यांना बघवत नाही हा प्रकार. बोलायचे तर नाहीतच. लग्न झाल्यापासून आमच्या घरातलं सगळं बोलणं माझ्याच वाट्याला आलंय.

बुधवार, ६

टोपीवाले आले. दर बुधवारी येतात, निवृत्त गृहस्थ, कपडे कडक इस्त्रीचे. रांगेतलं एकेक व्हायोलिन काढून प्रत्येकावर तीच एक धून वाजवतात आणि टोपी सारखी करून निघून जातात. आजवर राळेची वडीसुद्धा घेतलेली नाही. फुकट ते पौष्टिक!

आज तर कहर केला. ह्यांचं नवं व्हायोलिन उचललं.

ह्या व्हायोलिनबद्दल लिहायला हवं. कित्येक वर्षं हे नुसत्या दुरुस्त्या करत होते. तारांखालच्या तुटलेल्या घोड्या, सैल खुंट्या, दुसऱ्यांच्या वाद्यांची डागडुजी. आता बऱ्याच काळाने स्वतःच्या हातचं एक केलंय. मोठ्या वाद्यवृंदात पहिल्या खुर्चीवर बसणारे वादक आहेत ना, ते शनिवारी, तीस तारखेला, ते बघायला येणार आहेत. त्यांनी घेतलं तर त्यांच्यामागे बसणारेही येतील आणि आतली खोली चालू राहील. नाही घेतलं तर हत्यारं गुंडाळून ठेवणार आणि दुकान मोबाइलची कव्हरं विकणाऱ्याला देऊन टाकणार, असं हेच म्हणाले. धाकटे दीर तर त्या कव्हरवाल्याला घेऊन दुकान दाखवूनसुद्धा गेले. मी त्याला पाणीही विचारलं नाही.

इतकं मोलाचं वाद्य, आणि ह्यांनी ते बाहेरच्या रांगेत टांगून ठेवलंय. का, तर "जरा हवा लागू दे." संध्याकाळी आत नेतात, लांब वाकड्या चिमट्याने त्याच्या पोटातली काडी केसभर इकडची तिकडे करतात आणि सकाळी परत टांगतात. वरचं लाकूड नि खालचं लाकूड यांच्यामध्ये ती बोटाएवढी काडी नुसती उभी असते, चिकटवलेली नसते. सगळा आवाज म्हणे तिच्यावर. आणि हे फुकटे नेमकं तेच व्हायोलिन उचलतात. हात घामट, नखं वाढलेली. माझा जीव खालीवर होतो.

बस्स झालं.

गुरुवार, ७

पाटी करून आणली. पांढऱ्यावर लाल अक्षरं. "वाजवून बघण्याचे पैसे पडतील. खरेदी केल्यास वजा होतील." दाराशेजारी खिळा मीच ठोकला. हे आतून आले, पाटी वाचली, परत एकदा वाचली आणि चष्मा पुसत आत गेले. विरोध नाही म्हणजे पसंती.

ह्यांचं व्हायोलिन काचेच्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. किल्ली माझ्या पर्समध्ये.

दुपारी क्लासवाल्या बाई आल्या. लॉन्ड्रीच्या वर त्यांचा व्हायोलिनचा क्लास आहे. नवीन मुलं आली की सगळी फौज इथे आणायची, मापं काढून घ्यायची, हे वाजव, ते वाजव, आणि मग पालक फोनवरून मागवणार. मी पाटीकडे बोट दाखवलं. त्यांचा चेहरा पडला. म्हणाल्या, मी प्रत्येकाला इथूनच घ्या म्हणून सांगते हो, पण लोक स्वस्त बघतात, मी काय त्यांच्या खिशात हात घालू? मी म्हटलं, मग मापंही फोनवरच काढून घ्या.

बाईंनी मुलांना बाहेर काढलं. सगळ्यात लहान मुलगी जाताना हातातला गज परत जागेवर ठेवून गेली, तोही नीट, गजाचे केस सैल करून. शिकवण चांगली आहे, ते नाकारत नाही मी. पण शिकवण चांगली म्हणून दुकान फुकटात चालत नाही.

सोमवार, ११

काय शांतता आहे! एक माणूस तारा घेऊन गेला, पैसे देऊन. दुसरा पाटी वाचून पायरीवरूनच वळला. जा म्हटलं, तुझ्यासारखे छप्पन्न बघितलेत.

जेवताना हे म्हणाले, "दुकान फार शांत झालंय." इतक्या वर्षांत ह्यांनी माझ्या कामाचं असं तोंडभरून कौतुक केल्याचं आठवत नाही. मी आणखी एक पोळी वाढली. ती त्यांनी तशीच ठेवली.

मंगळवार, १२

चौकातल्या चष्मेवाल्यांकडे गेले होते. माझा नंबर वाढलाय. भला माणूस आहे. डोळे तपासले, नाकाची रुंदी मोजली, आत नवीन माल आला होता तो सगळा ट्रे बाहेर काढला. बारा-पंधरा फ्रेमी लावून बघितल्या. एक तपकिरी, बारीक सोनेरी काठाची, मला इतकी शोभली की मीच लाजले. किंमत ऐकून म्हटलं, घरी विचारून सांगते.

भाचीला फोनवर फ्रेमचा नंबर कळवला. तिने कुठूनतरी जवळपास निम्म्यात मागवून दिली. हुशार आहे पोरगी. आता चष्म्याची गोष्ट वेगळी आहे. चष्मा ही औषधासारखी गरज. आणि मी काही त्यांच्या फ्रेमवर धून वाजवत बसले नव्हते.

शनिवार, १६

ह्यांची तब्येत बरी नाही का, कळत नाही. आतल्या खोलीत बसतात, पण हात चालत नाहीत. पडदा पूर्ण सरकवून ठेवलाय आणि खुर्ची तशीच भिंतीकडे तोंड करून. मी विचारलं, आता पाठ कशाला फिरवताय, आता तर कोणी येतच नाही. म्हणाले, "तेच ना." म्हणजे काय, ते सांगितलं नाही.

मधेच विचारलं, हल्ली टोपीवाले येत नाहीत का. सुटलो एकदाचे, म्हटलं. हे उठून हात धुवायला गेले. हात स्वच्छच होते.

कपाटाची किल्ली मागून घेतली. व्हायोलिन काढून स्वतः गज ओढला. ह्यांना वाजवता येत नाही, पहिल्यापासून नाही. दाराच्या बिजागरीसारखा आवाज निघाला. परत आत ठेवलं, किल्ली मात्र स्वतःच्याच खिशात.

बुधवार, २०

हे दुपारचे फिरायला जायला लागलेत. पाय मोकळे करून येतो, म्हणतात. ज्यांचा गुडघा जिना चढताना कुरकुरतो ते भर उन्हात फिरायला! आणि बगलेत लांब डबा. विचारलं तर म्हणाले, त्यालाही जरा हवा लागू दे.

मला एकच शंका येते. पुलापलीकडे नवीन मोठं दुकान झालंय, तिथे हे व्हायोलिन दाखवायला नेत असणार. तिथे म्हणे कोणीही काहीही वाजवा, कोच ठेवलेत बसायला. म्हणजे घडवलं माझ्या घरात आणि विकणार तिकडे. घरच्याच माणसाने असं केलं तर तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

चष्मा आला. एक दांडी कानावर बसत नाही, घसरतो.

शुक्रवार, २२

तो आला! फोनवाला बाप. काखेत पुठ्ठ्याचं खोकं आणि मागे ती पोरगी. मागवलेलं व्हायोलिन आलं, पण घोडी आडवी पडलीये, पोटात काहीतरी खुळखुळतंय. म्हणाला, काका बघतील का जरा.

काका बघतील! मी त्याला असं सुनावलं की समोरचा फळवाला तराजू हातात धरून बघत राहिला. म्हटलं, ज्याच्याकडून घेतलंत त्याच्या अंगणात जा, त्याला विचारा काडी कुठे उभी करायची. तो खोकं उचलून निघाला. पोरगी काचेला नाक लावून आत बघत होती, त्या मधल्या व्हायोलिनकडे. बापाने हाक मारली तेव्हा गेली. मला तिचं वाईट वाटलं. पण मी काय करू, बापाने केलं ते तिच्यासाठीच ना?

हे घरी नव्हते. फिरायला गेले होते.

मंगळवार, २६

आज दुकान बंद करून ह्यांच्या मागे गेले. होय, गेले. नवऱ्यामागे या वयात चोरासारखी.

पुलाकडे वळले नाहीत. लॉन्ड्रीच्या जिन्याने वर गेले, एकेक पायरी थांबत, डबा छातीशी धरून. मी खाली इस्त्रीच्या वाफेत उभी. वरून तीच धून ऐकू आली, टोपीवाल्यांची. मग थांबली आणि दुसरं कोणीतरी काहीतरी वाजवायला लागलं. मी वर गेले. दार अर्धं उघडं होतं.

माझ्या दुकानातले सगळे फुकटे तिथे होते! टोपीवाले खुर्चीवर, क्लासवाल्या बाई, त्यांची मोठी मुलं ओळीने उभी. ह्यांचं व्हायोलिन हातोहात फिरत होतं. आणि हे कोपऱ्यात, खोलीकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड. मधेच हात वर करायचे, वाजवणारा थांबायचा. हे उठायचे, चिमट्याने काडी हलवायचे, परत भिंतीकडे तोंड करून बसायचे. बाई म्हणाल्या, आता तिसरी तार मोकळी झाली, पण वर गेलं की अजून बोचते. टोपीवाले म्हणाले, माझ्या धुनेत नाही बोचत, मी वर जातच नाही. त्यावर हे हसले. घरात महिनाभर न हसलेला माणूस.

मी दार ढकललं. टोपीवाल्यांनी टोपी सारखी केली. मी म्हटलं, "हे काय चाललंय?"

हे वळले. घाबरले नाहीत, उलट थकलेले दिसले. म्हणाले, "अगं, मला वाजवता कुठे येतं? मला फक्त ऐकता येतं. तू दुकानात ऐकायला काही ठेवलंच नाहीस."

"मग मला सांगायचं नाही?"

"पाटी लावायच्या आधी तू विचारलंस?"

मुलांसमोर! मी तशीच जिना उतरले. म्हणजे इतकी वर्षं हे पडद्याआड बसून त्या सगळ्यांचं ऐकत होते. प्रत्येक घामट हाताचं. आणि मी समजत होते की ह्यांना बघवत नाही. एवढं मोठं काम चाललेलं आणि मालकिणीला पत्ता नाही, हा कुठला न्याय?

पण त्या बापाने माझ्या विजेवर दुसऱ्याकडे ऑर्डर दिली ते चूकच. ते मी मरेपर्यंत चूकच म्हणणार.

गुरुवार, २८

परवापासून बोललेले नाही मी. ह्यांना फरक पडला की नाही कळायला मार्ग नाही, तेही बोलत नाहीतच.

चष्मा इतका घसरायला लागला की तारेच्या पाकिटावरचा आकडासुद्धा वाचता येईना. शेवटी चौकात गेले. चष्मेवाल्यांनी चष्मा हातात घेतला, दांडी गरम केली, हळूच वाकवली, कानामागे बोट घालून बघितलं, परत वाकवली. पैसे विचारले तर नको म्हणाले. मला कसंसंच झालं. म्हटलं, हा तुमच्याकडचा नाही.

"माहीत आहे," म्हणाले आणि स्क्रू पिळत राहिले.

मला राग आला. माहीत होतं तर बोलायचं की! तसं म्हटलंही. तर ते शांतपणे म्हणाले, "तुम्हीच काही बोलला नाहीत. घरी विचारते म्हणालात आणि आलाच नाहीत. मला वाटलं, फ्रेमच लोकांना आवडत नाही. तो सगळा माल परत पाठवून दिला."

म्हटलं, अहो, फ्रेम चांगली होती. इतकी शोभली मला.

"मग तेवढंच सांगून जायचं होतं," म्हणाले.

आता हा माणूस मला शिकवणार! रस्ताभर धुमसत आले. आल्यावर आरशात बघितलं. चष्मा एकदम सरळ बसलाय.

शुक्रवार, २९

पाटी काढली. ह्यांच्यासाठी नाही, खिळ्याने भिंतीचा रंग उडतोय म्हणून. उलटी करून मागच्या बाजूला नवं लिहून दोरीने दाराच्या वर टांगली. "वाजवून बघा. घेणार नसाल तर का, ते आत सांगून जा." लाल रंग उरलाच होता. कपाटाचं कुलूपही काढलं.

मग क्लासवाल्या बाईंकडे गेले. माफी वगैरे मागितली नाही, मागायचं कारणही नाही. म्हटलं, उद्या मुलांना आणा, पण नखं कापून. आणि त्या फोनवाल्याची पोरगी तुमच्याकडेच येत असेल तर तिचं खोकं घेऊन यायला सांगा, दुरुस्तीचे पैसे मात्र चोख घेणार. बाई म्हणाल्या, बरं. मग म्हणाल्या, पाटी कुठाय? म्हटलं, उलटी झाली.

संध्याकाळी हे पाटीसमोर उभे होते. वाचून आत गेले. जेवताना दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. बोलले नाहीत, पण मलाही आता थोडं ऐकता यायला लागलंय.

शनिवार, ३०

पहिल्या खुर्चीवाले सांगितल्या वेळेच्या आधीच आले. दुकानात नुसता कालवा होता. मुलं वाजवतायत, टोपीवाले बुधवार सोडून शनिवारी हजर, फोनवाला बाप कोपऱ्यात मान खाली घालून, आणि त्याच्या लेकीच्या व्हायोलिनची घोडी आतल्या खोलीत ह्यांच्या हातात. मला वाटलं, झालं, एवढे मोठे वादक हा बाजार बघून परत जाणार. पण ते दारातच थांबले. बाईंची मोठी विद्यार्थिनी ह्यांचं व्हायोलिन वाजवत होती. तिचं होईपर्यंत ते पायरीवर उभे राहिले, खाली बघत. मग आत आले आणि हात पुढे केला.

त्यांनी वाजवायला घेतलं तेव्हा मुलांनी आपापली व्हायोलिनं बगलेत धरली. मला त्यातलं फार कळत नाही, पण माझ्या काउंटरच्या काचा थरथरल्या. मी पडदा सारून बघितलं तर हे भिंतीकडे तोंड करून बसलेले, दोन्ही हात गुडघ्यांवर.

वादकांनी गज खाली केला. व्हायोलिन उलटंपालटं केलं, पाठीवरून अंगठा फिरवला. आणि म्हणाले, "छान आहे. विचार करून सांगतो."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. इतक्या वर्षांत हे वाक्य ज्यांनी ज्यांनी म्हटलं ते सगळे माझ्या डोळ्यांसमोरून पायरी उतरून गेले. एकही परत आला नव्हता. मी काउंटरमागून निघाले आणि दारात जाऊन उभी राहिले.

"विचार करायचा तर इथेच करा," मी म्हटलं. "आणि मोठ्याने करा. ते आत बसलेत, त्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने."

क्लासवाल्या बाईंनी तोंडावर हात ठेवला. वादक माझ्याकडे बघत राहिले, मग माझ्या डोक्यावरच्या पाटीकडे. मग वळले आणि पडदा सारून आत गेले.

तासभर आत होते. आम्ही बाहेर कोणी हललो नाही. आधी वादकांचा आवाज, वरचे सूर घाईत निघतात, जरा थांबायला हवेत. मग ह्यांचा आवाज. ह्यांचा! इतकं सलग बोलताना मी ह्यांना कधी ऐकलं नाही. काडी हलली, वाजलं, थांबलं. परत हलली, परत वाजलं. टोपीवाले डोळे मिटून भिंतीकडे तोंड करून बसले होते. कोणाचं बघून, ते सांगायला नको.

मग दोघं बाहेर आले. वादकांनी आपली पेटी काउंटरवर उघडली. आतलं स्वतःचं व्हायोलिन, ज्यावर ते पहिल्या खुर्चीत बसून वाजवतात ते, बाहेर काढलं आणि ह्यांच्या हातात दिलं. "याची खुंटी सैल आहे. बघून ठेवा सवडीने." आणि रिकाम्या जागी ह्यांचं व्हायोलिन ठेवून झाकण लावलं.

हे नुसते बघत राहिले. वादकही नुसते उभे. दोघं एकमेकांकडे बघून माना डोलावतायत आणि किमतीचं एकाच्याही तोंडून निघेना.

शेवटी ती मीच सांगितली. मोठ्याने.